सुई विकावी काय?

अमेरिकेत औषधशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे एका प्रश्नावर एकमत नाही. मादक द्रव्य शिरेत टोचून घेणारा मनुष्य दुकानी येऊन नवी सुई मागू लागला, तर ती त्यास विकावी काय? कित्येक म्हणतात, विकणारा त्याच्या पापाचा वाटेकरी होतो. ही शंका हलकी नव्हे. गुत्त्यास आपली जागा भाड्याने देणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यास आम्हीही दोष देऊ. परंतु गुत्तेवाला व्यसन वाढवून पैसा करितो. सुई नाकारल्याने कोणाचे व्यसन सुटले, असे आम्ही ऐकिले नाही. तो दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो, आणि तिच्यातील रक्ताबरोबर एड्सचे विषाणू त्याच्या, व पुढे कदाचित त्याच्या निरपराधी बायकोच्या अंगी शिरतात. कनेक्टिकट संस्थानात १९९२ साली डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून दहापर्यंत सुया विकण्याची मोकळीक झाली. तेव्हा केलेल्या पाहणीत एकमेकांच्या सुया वापरणारे शेकडा ५२ होते, ते ३१ वर आले. आमच्या देशीही मणिपुरात अशांस नव्या सुया देण्याचे काम चालते. सुई देताना विकणाऱ्याने दोन मायेचे शब्द बोलावे, व्यसन सोडविणाऱ्या दवाखान्याचा पत्ता सांगावा. असा मनुष्य आपल्या मंदिराच्या दारी तर येत नाही. त्या दुकानाच्या दारी मात्र येतो.