समुद्राच्या बाजूने साक्ष

प्लास्टिक समुद्राला घातक आहे हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी, असे मला अनेकदा विचारले जाते. विचारणाऱ्याची चीड रास्त असते. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेला काय साचते, ते त्याने पाहिलेले असते. पण डोळ्यांना दिसतो तो कचरा. पाण्यातल्या डायटम या एकपेशीय शैवालाला किंवा जिवाणूला त्याचा नेमका काय त्रास होतो, ते दिसत नाही, मोजावे लागते. ही मोजणी करता करता मला एक गोष्ट पटत गेली. समुद्राबद्दलची कळकळ जितकी खरी, तितकी आपली चाचणी कठोर असली पाहिजे.

चाचणी वरवर सोपी वाटते. गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि थोडी जीवनसत्त्वे घालून स्केलेटोनेमासारखा डायटम वाढवायचा. काही फ्लास्कमध्ये प्लास्टिकचे कण टाकायचे, काही तसेच ठेवायचे. ठरावीक उजेडात ७२ तासांनंतर पेशी किती वाढल्या ते मोजायचे. पण ही प्रमाणित पद्धत मुळात पाण्यात विरघळणाऱ्या रसायनांसाठी बेतलेली आहे, आणि प्लास्टिक विरघळत नाही. पॉलिथिलीन वर तरंगते, पीव्हीसी तळाला बसते, बारीक कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात. आपण टाकले तेवढे पेशींच्या वाट्याला आलेच, असे म्हणता येत नाही. शिवाय कणांमुळे पाणी गढुळते, उजेड कमी पडतो आणि वाढ मंदावते. तिला विषबाधा कसे म्हणायचे? म्हणून साध्या मातीच्या किंवा सिलिकाच्या तशाच बारीक कणांचा वेगळा संचही ठेवावा लागतो.

प्रयोगासाठी विकत मिळणारे पॉलिस्टायरीनचे गोळे टिकावेत म्हणून त्यांच्या द्रवात पुष्कळदा सोडियम अझाइड घातलेले असते. हे रसायन सूक्ष्मजीवांना मारण्यासाठीच वापरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या जीवावर दिसलेला विषारीपणा मुख्यतः अशा परिरक्षकाचा असल्याचे आढळले. म्हणून आमच्याकडे नवी मुले आली की मी त्यांना आधी गोळे धुवायला शिकवते, आणि ज्या द्रवात गोळे आले त्या नुसत्या द्रवाचीही चाचणी करायला लावते. या कामाचा त्यांना कंटाळा येतो. पण प्लास्टिकवर आरोप ठेवायचा, तर दुसऱ्याचा गुन्हा त्याच्या माथी मारून चालणार नाही.

मात्रेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. एक मिलिग्रॅम पॉलिस्टायरीनचे दहा मायक्रोमीटर व्यासाचे गोळे केले, तर ते सुमारे १८ लाख भरतात. एक मायक्रोमीटरचे केले तर सुमारे १८० कोटी. वजन तेच, पण डायटमच्या दृष्टीने जग बदलले. २०१६ मध्ये संशोधकांनी प्रयोगांतल्या मात्रा समुद्रातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या शंभर पटींपासून एक कोटी पटींपर्यंत जास्त निघाल्या. यालाही दुसरी बाजू आहे. समुद्रातले नमुने बहुधा साधारण एक तृतीयांश मिलिमीटर छिद्रांच्या जाळ्यांनी घेतले जात, त्यामुळे सर्वांत बारीक कण मोजणीतून निसटत. प्रयोगातला आकडा फुगलेला आणि समुद्रातला आकडा अपुरा, अशा दोन टोकांमधून वाट काढावी लागते.

कमी मात्रेत आलेख सपाट आला की विद्यार्थ्याचा चेहरा उतरतो. मला तो आलेखही मोलाचा वाटतो. इतक्या कणांनी, इतक्या वेळात, या जीवाच्या वाढीवर परिणाम झाला नाही, ही समुद्राबद्दलची खरी माहिती आहे. ती दडपली, तर उद्या आपण परिणाम दाखवू तेव्हा कोणी का विश्वास ठेवावा?

नेमकेपणाने काय हाती लागते, याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. प्रोक्लोरोकॉकस हा जेमतेम ०.६ मायक्रोमीटरचा जिवाणू उष्ण समुद्रांत प्रचंड संख्येने राहतो आणि प्रकाशसंश्लेषण करून प्राणवायू सोडतो. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्याला प्लास्टिकचे कण दिलेच नाहीत. पॉलिथिलीनच्या पिशव्या आणि पीव्हीसीची चटई पाण्यात भिजवून, त्यातून झिरपलेले तेवढे त्याला दिले. त्याची वाढ खुंटली, प्राणवायू कमी झाला. ते पाणी खुल्या समुद्रापेक्षा खूपच तीव्र होते, हे विसरायचे नाही. तरीही कण आणि त्यातून पाझरणारी रसायने हे दोन वेगळे धोके आहेत, हे त्यातून लख्ख दिसले.

प्लास्टिक समुद्रात जाऊ नये, हे ठरवायला या सगळ्या उत्तरांची वाट पाहण्याची गरज नाही. एकदा त्याचा भुगा झाला की तो पुन्हा वेचून काढता येत नाही, एवढे कारण पुरेसे आहे. पण कोणते प्लास्टिक बंद करायचे, कोणते रसायन बदलायला लावायचे, हे कायदा करणाऱ्याला आणि उत्पादकाला सांगायचे, तर ‘प्लास्टिक वाईट’ एवढ्यावर भागत नाही. कशातून काय पाझरते, किती पाझरल्यावर कोणत्या जीवाचे काय होते, हे सांगता आले पाहिजे. समोरचा पक्ष उलटतपासणी घेणारच आहे. त्याआधी ती आपण आपल्याच फ्लास्कची घेतलेली असावी.