लपविलेला सांधा

डेहराडूनला राजपूर रस्त्याच्या चढावर आमचे एक स्नेही राहतात. शासकीय सेवेतून निवृत्त झालेले, आणि परदेशातील नेमणुकीवरून परतताना हौसेने आणलेली जुनी एम. जी. बी. गाडी अजून जिवापाड जपणारे. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन येथे 1962 ते 1980 पर्यंत ह्या गाड्या तयार होत. दोन माणसांनी बसावे, छप्पर उतरवावे आणि वारा खावा, एवढेच तिचे प्रयोजन. संसारी माणसाने हिच्या नादी लागू नये, असे मी त्यांना अनेकदा सांगून चुकलो आहे.

एका सकाळी ही गाडी उभ्या जागेवरून आपणहून निघाली आणि उतारावरील कुंपणाच्या भिंतीवर जाऊन आदळली. हातब्रेकचा दांडा मोडला होता. त्याच भिंतीशी दूधवाला रोज आपली सायकल टेकवून उभा राहतो. त्या दिवशी त्याला उशीर झाला होता, एवढेच. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरण्यास आपण विसरलो होतो, हे स्नेह्यांनी कोणी विचारण्यापूर्वीच सांगून टाकले.

हातब्रेकची रचना साधी असते. दांडा वर ओढला की त्याची खिटी दातेरी पट्टीत अडकते, खालची तार ताणली जाते आणि मागील चाकांतील ब्रेक घट्ट बसतात. टोकाची कळ दाबली की खिटी सुटते. आपल्याकडे गाडीवान चढावर चाकामागे दगड ठेवी, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. पण दगड दिसतो. ही खिटी आसनांमधील आवरणाखाली असते.

मिस्त्रीने ते आवरण उचलले, तेव्हा दांडा खिळीवर फिरतो तेथे एक जुना सांधा आढळला. पूर्वीच्या कोणा मालकाने तुटलेला दांडा वेल्डिंगने जोडून, कानशीने घासून, त्यावर काळा रंग दिला होता. दांडा पुन्हा तेथेच मोडला. मिस्त्री म्हणाला, "पुन्हा जोडून देतो, साहेब. कोणाला कळणारही नाही."

ह्या शेवटच्या वाक्याने स्नेही अस्वस्थ झाले. नवा दांडा मागविता आला असता. ह्या गाडीचे सुटे भाग आजही मिळतात, आणि 1988 पासून तर तिचा संपूर्ण सांगाडाच इंग्लंडात पुन्हा घडविला जाऊ लागला. पण एकेक भाग बदलत गेल्यावर 'माझी गाडी' म्हणावयाची ती कोणती? मिलिंदराजाला नागसेनाने हेच रथाविषयी विचारले होते: आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? रथ हे केवळ भागांच्या आधारे दिलेले नाव, हे त्याचे तात्पर्य. विचार म्हणून ते मला पटते. मात्र उतारावर उभी केलेली गाडी नावाने थांबत नाही.

मला वाटते, अस्सलपणाचा प्रश्न येथे दुय्यम होता. डाख लावलेले पितळेचे पातेले आपल्या आजीने वर्षानुवर्षे वापरले. त्यात कोणाची फसवणूक नव्हती, कारण डाख उघड्यावर होता, आणि तो सुटला तर फार तर आमटी सांडावयाची. त्या पूर्वीच्या मालकाने दांडा जोडला हा त्याचा अपराध नव्हे. त्याने त्यावर रंग दिला. कदाचित त्याला तो सांधा कुरूप वाटला असेल. दुष्टपणा मनात नसताही माणूस असे करतो. बदलीच्या वेळी चार्ज देताना कोणती फाईल यादीत खाली सरकवावी, ह्याचा मोह आपणांपैकी कित्येकांना झाला असेल. मला झालेला आहे. पुढे येणारा अधिकारी त्या कागदांवर विसंबून सही करणार असतो, आणि आपण तोवर दुसऱ्या गावी असतो.

अखेर नवा दांडा आला. तो बसवून, चाकांमागे दगड ठेवून आणि दगडांपासून वीतभर अंतर राखून, गाडी चढावर रात्रभर उभी ठेवण्यात आली. सकाळी वीतभर अंतर तसेच होते. कोणत्या तारखेला काय बदलले, ह्याचा कागद स्नेह्यांनी स्वतःच्या अक्षरात गाडीच्या कागदपत्रांत ठेवला. मोडलेला दांडा मिस्त्रीने भंगारासाठी मागितला, तेव्हा त्यांनी तो आधी करवतीने आणखी दोन ठिकाणी कापविला. जुन्या सांध्याचा तुकडा त्यांच्या टेबलावर असतो. परवा मी तो हातात घेतला, तर रंग अजून पुरता निघालेला नव्हता.