पंधराव्या वर्षी लंगोट लावताना

बेळगाव

चि. भाच्यास,


तुझं पत्र पोचलं. नववीत असताना, पंधरा वर्षं पुरी झाल्यावर तालमीत पाऊल टाकलं तर पैलवान होता येतं का, असं तू विचारलं आहेस. गल्लीतली पोरं सहाव्या-सातव्या वर्षी मातीत उतरली, तू त्यांच्या फार मागे राहिलास, असं तुला वाटतं. दाजीही म्हणाले म्हणे, ‘आता कुठली कुस्ती?’

होता येतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खेळाचा शिक्षक म्हणून मी ती जवळून पाहिली आहे. उशिरा आलेली पोरं तालीम सोडून जातात, ती वय झालं म्हणून क्वचितच. गेलेली वर्षं एका हंगामात भरून काढायला बघतात, त्यात खांदा निखळतो, शाळा सुटते, घरात कर्ज होतं, आणि मग कुस्तीचं नावच नको होतं. तुझ्या वयाची मला भीती नाही. तुझ्या घाईची आहे.

आधी जवळचं सांगतो. आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरी गावची मलप्रभा जाधव, शेतकऱ्याची लेक. ती शिकली ज्युदो, पण पदक आणलं कुराशमध्ये. कुराश ही उझबेकांची कुस्ती. या कुस्तीत अंगरख्याला आणि कमरपट्ट्याला धरून उभ्या उभ्या फेकायचं असतं, कमरेखाली हात घालायची मुभा नसते. मलप्रभा या खेळाकडे वळली ती ज्युदोतून. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश पहिल्यांदाच आलं आणि 52 किलो गटात तिनं कांस्यपदक आणलं. त्याच गटातलं रौप्य दिल्लीच्या पिंकी बल्हारानं घेतलं. एका खेळात कमावलेलं अंग आणि पकड दुसऱ्या खेळात कामी येते, हे तिच्याकडून शीक. तू पाचवीपासून कबड्डी खेळतोस. समोरच्याचा घोटा कधी धरायचा, अंग कधी सोडवायचं, रेषेकडे कसं झेपावायचं हे तुला ठाऊक आहे. मॅटवरच्या कुस्तीत एकेरी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडायला, नेमकं हेच लागतं. तू कोरी पाटी घेऊन चाललेला नाहीस.

लंडन ऑलिम्पिक आठवतं का? नाही आठवणार, तू तेव्हा अगदी लहान होतास. 2012 साली 66 किलोच्या अंतिम कुस्तीत आपल्या सुशील कुमारला हरवून सोनं घेतलं ते जपानच्या तात्सुहिरो योनेमित्सूनं. हा मुलगा आधी ज्युदो खेळायचा, कुस्तीकडे वळला तो हायस्कुलात. म्हणजे साधारण तुझ्याच वयात.

आणखी एक नाव लक्षात ठेव, अँथनी रोबल्स. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या मेसा शहरात वाढलेला हा मुलगा जन्मला तेव्हाच त्याला उजवा पाय नव्हता. चौदाव्या वर्षी त्यानं कुस्ती सुरू केली आणि पहिल्या वर्षी शहराच्या स्पर्धेत शेवटून पहिला आला. तिथं तो थांबला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. पुढे त्यानं काय केलं ते नीट वाच. दोन पायांवरच्या पोरांसारखं खेळण्याचा हट्ट त्यानं सोडला. कुबड्यांवर चालून त्याचे हात आणि पंजे विलक्षण ताकदीचे झाले होते आणि एका गुडघ्यावर बसला की तो इतका खाली असायचा की त्याच्या पायाला हात घालणं समोरच्याला जमायचंच नाही. मग त्यानं मनगट धरून समोरच्याला पाठीवर कलवण्याचे मोजके डाव घेतले आणि तेच घोटले. हायस्कुलाच्या शेवटच्या दोन वर्षांत तो 96 कुस्त्या खेळला, एकही हरला नाही. 2011 साली अॅरिझोना स्टेट विद्यापीठाकडून 125 पौंडांच्या गटात तो अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धेचा विजेता झाला, त्या हंगामातही अपराजित. त्याची जिद्द मोठी होतीच. पण जिद्दीच्या गोष्टी तुला सगळेच सांगतील. मला तुझ्या ध्यानात आणून द्यायची आहे ती त्याची निवड. वेळ कमी आहे हे ओळखून त्यानं शिकायचं काय आणि सोडायचं काय हे ठरवलं.

खाशाबा जाधवांचं घ्यायचं तर ते उशिरा आले असं म्हणता येणार नाही, गोळेश्वरच्या पैलवानाच्या घरातच त्यांचा जन्म. पण मॅट त्यांना उशिरा भेटली. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा ते 22 वर्षांचे होते, अंगाला सवय लाल मातीची आणि समोर गादी. सहावे आले. चार वर्षांनी, 1952 ला हेलसिंकीत, त्याच गादीवर त्यांनी कांस्य मिळवलं आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कराड तालुक्यात आलं. अंगात मुरलेली मातीची सवय मोडून नवी लावायला त्यांना चार वर्षं मिळाली. तुला मोडायला जुनी सवय नाही. गादीवर सुरुवात करणार असशील तर ही गोष्ट तुझ्या बाजूची आहे, आणि शालेय स्पर्धा गादीवरच होतात.

आता वयाचा हिशेब. आंतरराष्ट्रीय नियमात 17 वर्षांखालचा गट आहे, मग 20 चा, मग 23 चा, आणि त्यानंतर खुला वरिष्ठ गट. सतराच्या गटात तुला फार काही हाती लागणार नाही, ते आजच मान्य कर. त्या गटातली पोरं तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षं जुनी असतील. पण 23 च्या गटापर्यंत तुझ्याकडे आठ वर्षं आहेत. आठ वर्षं नेमानं मेहनत केलेल्या पोराला तो केव्हा सुरू झाला हे मॅटवर कुणी विचारत नाही. काही दारं मात्र खरंच बंद झाली आहेत. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातली बॉईज स्पोर्ट्स कंपनी चौदाच्या आतली मुलं घेते, तिथं तुझा नंबर लागणार नाही. त्यावर रडत बसू नकोस.

पहिलं वर्ष कसं जाईल ते सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही आणि पोरं इथंच मोडतात. तालमीत तुझ्या बरोबरीचा गडी तुला पाडेल, त्याचं काही वाटणार नाही. पण दहा-अकरा वर्षांचा, तुझ्या छातीएवढा पोरगा खडाखडीत तुझ्या हाताखालून निसटेल, मागे जाईल आणि तुला तोंडावर पाडेल. बघणारी पोरं हसतील. दुसऱ्या दिवशीही तेच होईल. तुला वाटेल, ताकद माझी जास्त, मग हे कसं? मग तू ताकदीनं त्याला दाबायला जाशील आणि तो कदाचित दबेलही. तसं करू नकोस. त्या पोराकडे पाच वर्षांची समज आहे आणि ती तो तुला फुकट देतोय. कुस्ती झाली की त्याला विचार, ‘तू मागे कसा गेलास, परत दाखव.’ वयानं लहान मुलाला हे विचारता आलं तर तुझी दोन वर्षं वाचतील. ज्याला हे जमत नाही त्याला वस्ताद कितीही मोठा मिळो, उपयोग नाही. माझ्या मते उशिरा आलेल्या मुलाची खरी परीक्षा हीच आहे, बाकी सगळं सरावानं येतं.

शिकायचं काय? आधी पडायला शीक. हनुवटी छातीला लावून, हात न टेकता, खांद्यावरून गोल पडणं अंगवळणी पडेपर्यंत कुणाशी जोरात खेळू नकोस. लहान पोरांची हाडं लवचिक असतात, ती पडून पडून शिकतात. तुझं वजन जास्त आणि मान कच्ची. मानेची मेहनत रोज कर, पण हळूहळू वाढव. जोर-बैठका आहेतच, दोर चढणं त्याहून मोलाचं, कारण पकड तिथं तयार होते. डाव तीनच घे. एकेरी पट, दुहेरी पट आणि मागे गेल्यावर समोरच्याला पालथ्याचा उताणा करण्याचा कुठलातरी एक. या प्रत्येकाची तोड शीक. ढाक, कलाजंग, धोबीपछाड बघायला फार छान, मैदानात त्यावर टाळ्याही पडतात, पण ते आणखी दोन वर्षांनी. फ्रीस्टाइलमध्ये समोरच्याला खाली आणून मागे गेलास की दोन गुण, त्याला रिंगणाबाहेर ढकललंस तर एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. साध्या पटावर मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत.

खुराकाचं आक्काला वाचून दाखव. तू तालमीत गेलास की शेजारीपाजारी सांगतील, रोज अर्धा किलो बदाम, दोन लिटर दूध, साजूक तूप, मटण. आपल्या भागात पोराच्या खुराकासाठी ऊसबिलाची उचल घेतलेली घरं मला माहीत आहेत. त्याची काही गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, अंडी, भुईमुगाच्या शेंगा, घरच्या म्हशीचं दूध, केळी आणि रात्री आठ तास झोप. वाढत्या वयाच्या मुलाला एवढं पुरतं. दाजींना या कामासाठी एक रुपयाही उसना घ्यायला लावू नकोस.

वजनाचं मात्र कडक सांगतो. खालच्या गटात खेळलं की सोपं जाईल म्हणून कुणी तुला पाणी तोडायला, उपाशी राहायला, अंगावर प्लास्टिक चढवून पळायला सांगेल. ऐकायचं नाही. 1997 साली अमेरिकेत काही आठवड्यांच्या आत तीन महाविद्यालयीन पैलवान असंच वजन उतरवताना दगावले, आणि मग तिथले नियम बदलावे लागले. विनेश फोगाट पॅरिस ऑलिम्पिकला अंतिम फेरीत पोचली आणि 100 ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. रात्रभर तिनं काय काय सोसलं ते सगळ्या देशानं वाचलं. ती अनुभवी, तिच्याभोवती डॉक्टर होते. तू वाढत्या अंगाचा मुलगा आहेस. तुझं वजन जे भरेल त्याच गटात खेळ, हरलास तरी चालेल. आणि इंजेक्शन किंवा कसलीही बिनलेबलची पावडर कुणी पुढे केली तर तिथून ऊठ आणि त्याच दिवशी मला फोन कर. कान सुजला तर तालमीतल्या कुणाकडून टोचून घेऊ नकोस, डॉक्टरकडे जा. अंगावर नायटा उठला तर बरा होईपर्यंत मातीत किंवा गादीवर उतरू नकोस, त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि दुसऱ्याला लागेल.

जत्रेच्या मैदानाबद्दल तू लिहिलं आहेस. निपाणी, चिकोडी, कागल, इकडे बेळगावचा आनंदवाडीचा आखाडा, वर्षभर कुठं ना कुठं हलगी वाजत असते आणि त्या आवाजानं पाय आपोआप वळतात, मला माहीत आहे. बघायला जरूर जा, बघून पुष्कळ शिकता येतं. खेळायला दोन वर्षं जाऊ नकोस. मैदानात जोड नजरेनं लावतात. वजनकाटा नसतो, समोरचा किती वर्षांचा जुना आहे हे कुणी पाहत नाही. दोनशे-पाचशेच्या इनामासाठी गुडघा गेला तर तो परत मिळत नाही. शालेय स्पर्धा खेळ, तालुका, मग जिल्हा. तिथं हार झाली तरी वजनाच्या गटात, पंचांसमोर आणि ठरलेल्या मिनिटांत होते.

तू सीमाभागातला म्हणून आपल्याला कुठलंच राज्य विचारणार नाही, असंही तू लिहिलंस. ते मनातून काढून टाक. चिकोडी तालुक्यातलं एकसंबा तुझ्या गावाहून किती लांब आहे? तिथले श्रीपती खंचनाळे. गाव 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं, आणि 1959 ला ते देशाचे पहिले हिंदकेसरी झाले. घडले कोल्हापूरच्या तालमीत. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आहे. इकडे म्हैसूरच्या दसऱ्याचं मैदान आहे, कर्नाटकाच्या शालेय आणि राज्य स्पर्धा आहेत. मराठी तालमीतही शीक आणि कन्नड गावच्या गरडीतही जा. दोन्ही भाषांतला वस्ताद ज्याला समजतो त्या पोराचा तोटा कसला? तू घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतोस, हे तुझं बळ आहे.

शाळा सोडायची नाही. एसएसएलसी झाली पाहिजे आणि पुढे पीयूसीही. पोलीस, रेल्वे, सैन्य, कुठंही खेळाडूंच्या जागेवर भरती व्हायचं तर मार्कलिस्ट लागतेच. शिवाय कुस्तीत गुडघा कधी दगा देईल ते सांगता येत नाही. पहाटे पाच ते सात तालीम, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा तास-दीड तास. परीक्षेच्या महिन्यात संध्याकाळची तालीम बंद, सकाळची चालू. वस्तादांना हे पहिल्याच दिवशी सांग. जो वस्ताद शाळा सोड म्हणेल त्याची तालीम आपण सोडायची.

वस्ताद निवडताना त्यानं किती गदा जिंकल्या हे विचारू नकोस. तालमीत जा, कोपऱ्यात बस आणि तो नवख्या पोराशी कसा वागतो ते बघ. त्याला जुन्या गड्यापुढे चेंगरायला सोडतो, की शेजारी उभा राहून पाय कुठं ठेवायचा ते सांगतो? दाजींना सोबत घेऊन जा, त्यांना बाहेर ठेवू नकोस. बाप तालमीत येऊन बसला की पोराकडे लक्ष जास्त जातं, आणि दाजींचा विरोधही पोरगा घाम गाळताना बघूनच कमी होईल.

तर येत्या सोमवारपासून सुरू कर. लंगोट आणि मॅटचे बूट मी दिवाळीला येताना आणतो, तोवर बूट विकत घेऊ नकोस, तुझा पाय अजून वाढतोय. पहिले तीन महिने कुणी जिंकलास का विचारलं तर शिकतोय म्हणून सांग. दर महिन्याच्या शेवटी मला एक पत्र लिही. त्यात कुणाला पाडलंस ते नको, कुणी पाडलं आणि कसं पाडलं ते लिही.

आक्का आणि दाजींना नमस्कार.

तुझा
मामा