त्रोवसच्या बंदरावर

मननासाठी वाचन : प्रेषितांची कृत्ये १६:६-१५

शांत बसा. बायबल उघडून हा भाग सावकाश वाचा. मग ज्या निर्णयापाशी तुम्ही सध्या अडला आहात, तो मनात आणा. नोकरी सोडावी की धरून ठेवावी, आलेल्या स्थळाला होकार द्यावा की नाही, परदेशी जावं की आजारी आईवडिलांजवळ राहावं, सेवेची हाक खरी की नुसता मनाचा खेळ, जे असेल ते. उत्तर आत्ताच शोधू नका. तो प्रश्न प्रभूपुढे ठेवा आणि थोडा वेळ पौलाबरोबर चाला.

इसवी सन ५०च्या आसपासची गोष्ट. पौल, सीला आणि तरुण तीमथ्य आजच्या तुर्कस्तानातून पायी निघाले आहेत. त्यांना आशिया प्रांतात जायचं आहे. इफिससारखं मोठं शहर या रोमन प्रांतात आहे, व्यापार आहे, माणसांची वर्दळ आहे. सुवार्तेसाठी याहून चांगली जागा कोणती? पण पवित्र आत्मा त्यांना तिथे वचन सांगू देत नाही. ते मुसियापर्यंत येतात आणि उत्तरेला बिथुनियात शिरायचं ठरवतात. येशूचा आत्मा तेही होऊ देत नाही. शेवटी मुसिया ओलांडून ते त्रोवसला पोहोचतात. त्रोवस हे बंदर. पुढे समुद्र.

लूकने हे सगळं तीन वचनांत सांगितलं आहे. चालणाऱ्यांसाठी ते शेकडो किलोमीटर होते. रोज सकाळी उठायचं, गाठोडं उचलायचं आणि कुठे पोहोचणार हे माहीत नसताना चालू लागायचं. या तीन वचनांवर जरा रेंगाळा. आपल्या आयुष्यातली कितीतरी वर्षं अशाच दोन-तीन ओळींत मावतात. सांगताना लहान वाटतात, जगताना संपत नाहीत.

आणखी एक गोष्ट पाहा. पौलाला अडवलं ते पापाच्या वाटेवर नव्हे. आशिया चांगला, बिथुनियाही चांगला. पर्वतावरच्या प्रवचनात येशूने अरुंद आणि रुंद अशा दोन दरवाजांबद्दल सांगितलं, तिथे निवड जीवन आणि नाश यांतली आहे. ज्या वाटेसाठी खोटं बोलावं लागतं, कुणाचा हक्क मारावा लागतो, घरच्यांपासून लपवाछपवी करावी लागते, तिच्याबद्दल दर्शनाची वाट पाहायची गरज नाही. तिथे देवाचं उत्तर आधीच मिळालेलं आहे. प्रामाणिक माणूस अडतो तो बहुतेकदा चांगलं आणि चांगलं यांच्यामध्ये.

तुमचा प्रश्न यांपैकी कुठला आहे? स्वतःला खरं उत्तर द्या. घाई नको.

आत्म्याने त्यांना अडवलं कसं? आजारपण आलं, रस्ता बंद झाला, की आतूनच मन तयार होईना? लूक ते सांगत नाही. तो एवढंच सांगतो की हे लोक अडले तेव्हा परत फिरले नाहीत आणि दार फोडायलाही गेले नाहीत. ज्या दिशेला जाता येत होतं, त्या दिशेला गेले. आपण मात्र नकार मिळाला की दोनच अर्थ लावतो : देव रागावला आहे, किंवा आपली श्रद्धा कमी पडली. पौलाच्या या प्रवासात दोन्ही अर्थ बसत नाहीत. त्याच्यावर देव रागावला नव्हता आणि त्याची श्रद्धाही कमी नव्हती. तरी दोन दारं बंद झाली.

गेल्या काही वर्षांतलं तुमचं एखादं बंद दार आठवा. त्याचा अर्थ लावू नका. फक्त ते प्रभूपुढे मांडा.

त्रोवसला रात्री पौलाला दृष्टांत होतो. मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतो आहे की इकडे ये, आम्हाला साहाय्य कर. या दर्शनात नकाशा नाही, यशाचं वचन नाही. समोर कुणाची तरी गरज आहे, एवढंच दिसतं. वाट शोधताना आपण विचारतो, माझं भलं कशात आहे? त्रोवसला कळलं ते वेगळं होतं : तुझी गरज कुणाला आहे?

दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देव आपल्याला बोलावतो आहे हा निष्कर्ष सगळ्यांनी मिळून काढला. लूकही इथून स्वतःला त्या मंडळींत धरूनच लिहितो. पौलासारख्या प्रेषितानेही आपलं दर्शन सोबत्यांपुढे ठेवलं. तुमच्या मनातली गोष्ट तुम्ही कुणापुढे ठेवली आहे? जो तुमच्या मनासारखंच बोलेल असा नव्हे, तर तुम्हाला ओळखतो, प्रार्थना करतो आणि चुकलात तर तोंडावर सांगतो, असा कोण आहे?

जहाज सुटतं. सम्थ्राकेवरून दुसऱ्या दिवशी नियापुलि, तिथून फिलिप्पै. वारा अनुकूल असावा, कारण पुढे एकदा उलट दिशेने याच प्रवासाला पाच दिवस लागले. पण फिलिप्पैत स्वागताला तो मासेदोनियाचा माणूस नाही. शब्बाथ दिवशी ते वेशीबाहेर नदीकाठी जातात, तर तिथे काही स्त्रिया जमलेल्या. त्यांतली एक लुदिया, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. प्रभू तिचं अंतःकरण उघडतो. ती आणि तिचं घराणं बाप्तिस्मा घेतं, आणि ती या प्रवाशांना आग्रहाने आपल्या घरी नेते.

लुदिया मूळची थुवतीराची. थुवतीरा आशिया प्रांतात, म्हणजे जिथे पौलाला वचन सांगू दिलं नव्हतं तिथे. आणि तो प्रांतही कायमचा बंद नव्हता. पुढे पौल इफिसात दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. त्या दिवसांचा नकार त्या दिवसांपुरता होता.

आता याच अध्यायात पुढे पंचविसाव्या वचनापर्यंत वाचा. ज्या गावी देवाने बोलावलं, त्याच गावी पौल आणि सीला यांना छड्यांनी मारलं, तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते प्रार्थना करत होते, गीतं गात होते. आपली वाट चुकली, असं दोघांपैकी कुणी म्हटल्याची नोंद नाही. वाट योग्य असली की सुखाची असते, हा आपला समज फिलिप्पैच्या तुरुंगात टिकत नाही.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वैद्यकीय शिक्षण घ्यायचा त्यांचा मानस होता. ऐकू कमी येत असल्याने ते दार बंद झालं. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचलेल्या मुलींना घर मिळालं. त्या डॉक्टर झाल्या नाहीत. पण ज्या स्त्रियांसाठी त्यांना काही करायचं होतं, त्यांच्यापर्यंत त्या पोहोचल्याच.

आता सुरुवातीला प्रभूपुढे ठेवलेला तुमचा प्रश्न पुन्हा हातात घ्या आणि आपल्या शब्दांत प्रार्थना करा. सगळी वाट दाखव, असं मागू नका. जे दार बंद आहे त्याबद्दलची कटुता काढून टाक, आणि जिथे माझी गरज आहे तिथे पाहायला शिकव, एवढंच मागा.

मग या आठवड्यात दोन गोष्टी करा. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाजवळ हा निर्णय मोकळेपणाने बोला. आणि ज्याची गरज तुम्हाला आधीच दिसलेली आहे, त्याच्याकडे जा. त्यासाठी वेगळ्या दर्शनाची वाट पाहू नका.