पाचवे कारण

मनुष्यावर संकट आले म्हणजे तो प्रथम काय करतो? बहुधा कोणास तरी दोष देतो. घरी असला तर घरच्या माणसांस, कचेरीत असला तर हाताखालच्यांस. परंतु जो एकटाच प्रवासास निघाला आहे त्याने दोष द्यावयाचा कोणास? तो दैवाकडे बोट दाखवितो. कारण दैव उलट उत्तर देत नाही. या सवयीत केवळ दुबळेपणाच आहे की काही अनीतीही आहे, हा प्रश्न गेल्या श्रावणात भंडारा जिल्ह्यात माझ्यापुढे उभा राहिला.

आत बिछाना व शेगडी बसविलेली एक लहानशी कॅम्परव्हॅन घेऊन मी नागपुराहून निघालो होतो. कमळपक्ष्याची छायाचित्रे घ्यावी, एवढाच हेतू. साकोलीहून लाखांदूरकडे वळले म्हणजे धानाच्या बांध्यांमधून तलाव दिसू लागतात. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या माणसांनी असे पुष्कळ तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तेव्हापासून त्यांस माजी मालगुजारी, अर्थात् ‘मामा’ तलाव म्हणतात. पावसाळ्यात कमळपक्ष्यास लांब, डौलदार शेपूट फुटते. मादी अंडी घालून निघून जाते आणि पाण्यावर तरंगणाऱ्या घरट्यात ती उबविण्याचे काम नर करतो. या एकाकी पित्याचे चित्र मला हवे होते.

पहिला दिवस उत्तम गेला. रात्री मात्र मुसळधार पाऊस झाला. सकाळी प्रकाश साधावा म्हणून मी गाडी तलावाच्या पाळीवर नेली आणि मागली चाके चिखलात रुतली. दिवसभर खटपट केली; ती अधिकच रुतली. सायंकाळी आदल्या दिवशीची चित्रे पाहू गेलो, तो कॅमेऱ्यातील कार्ड वाचेना. सारी चित्रे गेली. ‘माझे नशीबच खोटे,’ असे मी मोठ्याने म्हणालो. ऐकावयास कोणी नव्हते.

अंधार पडता पडता रोवणीवरून परतणाऱ्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. तो एवढेच म्हणाला, “पाळीवर गाडी कायले आनली, गुरुजी? पावसात आमी बैल बी आनत नाई.” त्याच्या स्वरात उपहास नव्हता, नुसते आश्चर्य होते. म्हणूनच ते अधिक लागले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैवाचा क्रम पाचवा आहे. वर्गात मी हे अनेकदा सांगितले असेल. परंतु संकटात आपण ही गणती शेवटाकडून सुरू करतो आणि पहिल्याच पायरीवर थांबतो, हे त्या रात्री ध्यानात आले. भिजलेली पाळ हे अधिष्ठान. ते मी पारखले नव्हते. कार्ड हे करण. त्याची दुसरी प्रत करण्याची चेष्टा मी ‘उद्या करू’ म्हणून टाळली होती. कर्ता तर मीच. दैवाच्या वाट्यास उरला तो फक्त पाऊस. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही याची निवड प्रथम करावी, असे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस शिकवीत असे. त्या निवडीत मी चार गोष्टी चुकीच्या टोपलीत टाकल्या होत्या.

कोणी म्हणेल, यात अनीती कोठे आली? ती तिसऱ्या दिवशी आली. दैवाने मला लुबाडले, तर त्याने माझी भरपाई केली पाहिजे, असे मन आतल्या आत म्हणू लागले होते. घरटे काठापासून दूर होते. मी विजार वर खोचून पाण्यात उतरलो. दहा पावले गेलो असेन, तोच नर उठून ओरडत दूर गेला. पानांवर चार तपकिरी अंडी उघडी पडली. काठावरच्या झाडावर कावळे होते. चित्र अगदी समोर होते. परंतु ते माझे देणे नव्हते. मी मागे फिरलो आणि गाडीत जाऊन बसलो. पक्षी पुन्हा अंड्यांवर येईपर्यंत जो काळ गेला, तो फार लांब वाटला. माझ्या नुकसानीचा हिशेब त्याच्या पिलांकडून वसूल करण्यास मी निघालो होतो!

तात्पर्य, दैवास दोष देणारा मनुष्य स्वतःस सावकार समजू लागतो आणि मग जो समोर सापडेल त्यास ऋणको ठरवितो. याचा अर्थ सारे दोष स्वतःच्या माथी घ्यावे असा नव्हे; पाऊसही आपणच पाडला असे मानणे हा अहंकाराचाच एक प्रकार होय. प्रत्येक कारणास त्याचा वाटा द्यावा, आणि क्रमाने द्यावा.

निघताना तलावाचा सांडवा दिसला. बांधणाऱ्यांनी पाऊस आपल्या हाती नाही हे ओळखले होते. म्हणून त्यांनी पाळ भक्कम केली आणि अधिकाच्या पाण्यास वाटही ठेवली. पाचव्या कारणास त्यांनी जागा दिली. परंतु उरलेल्या चारांचे काम त्याच्यावर सोपविले नाही.

त्या पक्ष्याचे चित्र माझ्याजवळ नाही. कार्डाची दुसरी प्रत मात्र आता मी रोज रात्री करतो.