नालंदेचा निरोप

नालंदेत एक परदेशी विद्यार्थी होता. नाव युआन श्वांग. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत तो ह्यूएनत्संग म्हणून भेटायचा. चीनमधून तो निघाला तोच राजाज्ञा मोडून, कारण सीमेबाहेर जायला तेव्हा बंदी होती. वाळवंट तुडवत, बर्फाचे डोंगर ओलांडत तो मगधात पोचला. त्याला मुख्यतः एक ग्रंथ शिकायचा होता, योगाचारभूमी. चीनमध्ये त्याचे तुटक भाग तेवढे पोचले होते आणि त्यांच्या अर्थावरून पंडितांत वाद होते. मुळात काय लिहिले आहे, ते जाणत्या गुरूच्या तोंडून ऐकायचे, हा त्याचा ध्यास.

गुरू भेटले ते आचार्य शीलभद्र. वय शंभरीच्या पुढे होते, असे युआन श्वांगचा चरित्रकार हुइली सांगतो. सारी नालंदा त्यांना एवढा मान देई, की त्यांचे नाव कोणी उच्चारत नसे. सांध्यांच्या दुखण्याने ते वर्षानुवर्षे हैराण होते. अन्न सोडून देह ठेवावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते. तेव्हा त्यांना स्वप्नात दृष्टांत झाला म्हणतात: चीनहून एक विद्यार्थी येणार आहे, त्याला शिकवायचे आहे, तोवर थांब. आणि तो विद्यार्थी खरोखरच दारात येऊन उभा राहिला.

नालंदेने त्याचे कौतुकही तसेच केले. रोज वीस सुपाऱ्या, कापूर आणि महाशाली तांदूळ त्याच्या खोलीवर पोचता होई. हा तांदूळ मगधातच पिके. दाणा काळ्या घेवड्याहून मोठा आणि भात शिजला की घमघमाट सुटे. राजेरजवाडे आणि मोठे पंडित यांच्याच पानात तो पडायचा. बाहेर जायचे तर हत्ती दिमतीला. आणि हे सगळे कोणासाठी, तर ज्याच्या मायदेशी त्याच्या नावावर कायदा मोडल्याचा गुन्हा होता, त्याच्यासाठी.

पहिली पाच वर्षे अध्ययनात गेली. मग तो देश पाहायला निघाला. आपल्या महाराष्ट्रातही आला. पुलकेशीच्या राज्यातली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. फिरून पुन्हा नालंदेला आला तेव्हा तो विद्यार्थी राहिला नव्हता. आचार्यांनी त्यालाच इतरांना शिकवायला बसवले. दोन मतांच्या पंडितांचा झगडा मिटवण्यासाठी त्याने संस्कृतात ग्रंथ रचला, तीन हजार श्लोकांचा. परक्याच्या भाषेत, परक्याच्या अंगणात जाऊन लिहावे आणि तिथल्या विद्वानांनी मान डोलवावी, याहून अधिक काय मिळवायचे असते?

नेमक्या त्याच वेळी त्याने पोथ्या बांधायला घेतल्या.

तेवढ्यात वज्र नावाचा एक जैन ज्योतिषी त्याच्या खोलीवर आला. युआन श्वांगने त्याला विचारले, राहावे की जावे, आणि आयुष्य किती उरले आहे? ज्योतिष्याने गणित मांडले. राहिलात तर उत्तम, साऱ्या देशात मान आहे. गेलात तर पोचाल आणि तिथेही मान मिळेल, पण राहण्याइतके ते चांगले नाही. आयुष्य आणखी दहा वर्षे. म्हणजे ग्रहांचा कौल राहण्याकडे होता. वर उरलेली वर्षेही थोडी, त्यांतली कितीतरी रस्त्यातच जाणार.

मग नालंदेचे भिक्षू एकेक करून समजावायला आले. त्यांचे म्हणणे वेडेवाकडे नव्हते. बुद्ध जिथे जन्मले, ती ही भूमी. ते आज नाहीत, पण त्यांच्या पाऊलखुणा इथे आहेत. त्या पाहत आयुष्य काढण्यासारखे दुसरे सुख कोणते? आणि चीन म्हणजे थंड, खडतर, आडबाजूचा मुलुख. तिथे बुद्ध कधी जन्माला आले नाहीत. तिथे परत कशाला जायचे?

आपल्या देशाला असे हिणवलेले त्याला रुचले नाही, आणि त्याने ते तिथल्या तिथे सांगितले. पण त्याच्या उत्तराचा गाभा वेगळाच होता. धर्म सांगणाऱ्याने तो सर्वांसाठी सांगितला. आपण तृप्त व्हायचे आणि ज्यांना अजून कळले नाही त्यांना विसरायचे, हे कसे जमेल? त्याने उलट विचारले, सूर्य या पृथ्वीवरून का फिरतो? अंधार जावा म्हणून. मी परत निघालो आहे तो याच कारणाने.

भिक्षूंना ते पटले नाही. सगळे मिळून आचार्यांकडे गेले. शीलभद्रांनी शिष्याला विचारले, तुझ्या मनात काय आहे? त्याने हात जोडून सांगितले, की ही भूमी मला प्रिय नाही असे मुळीच नाही. पण मी आलो होतो तो शिकून लोकांच्या उपयोगी पडण्यासाठी. आपल्याकडून योगाचारभूमी ऐकली, मनातल्या शंका फिटल्या. आता घरी जाऊन हे सारे आमच्या भाषेत उतरवावे, म्हणजे ज्यांना इथे येता येणार नाही त्यांनाही ते ऐकायला मिळेल. आपले ऋण फेडण्याचा मला हाच मार्ग दिसतो, म्हणून थांबायला सवड नाही.

ज्या वृद्ध गुरूने या शिष्यासाठी मरण लांबवले होते, त्याने थांब म्हटले असते तर कोणी नावे ठेवली नसती. शीलभद्रांना आनंद झाला. ही बोधिसत्त्वाची वृत्ती आहे, तुझ्याकडून माझीही हीच इच्छा आहे, असे ते म्हणाले आणि भिक्षूंकडे वळून त्यांनी सांगितले, त्याला सामान बांधू द्या, अडवू नका.

या गोष्टीचा बोध इथेच आहे. विद्या आपल्याला आली म्हणजे शिकणे संपले असे होत नाही. ज्यांच्यासाठी शिकायला निघालो, त्यांच्या हाती ती पडली पाहिजे.

आज म्युनिकला किंवा मेलबर्नला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींचा शेवटचा महिना मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. खोलीचे डिपॉझिट परत मिळवायचे असते, बॅग काट्यावर ठेवून पुन्हा पुन्हा वजन बघायचे असते, दोन स्वेटर काढून वह्या आत कोंबायच्या असतात. आणि अवतीभवतीची शहाणी माणसे सांगत असतात, नोकरी मिळतेय तर राहा की, तिकडे काय ठेवलंय? राहणारा वाईट आणि परतणारा थोर, असा हिशेब मी मांडत नाही. राहूनही घरच्यांचे ऋण फेडणारे पुष्कळ आहेत. पण राहायचे की जायचे हे ठरवण्याआधी, हे सारे कोणासाठी शिकलो, एवढे एकदा स्वतःला विचारायला हवे. युआन श्वांगला उत्तर माहीत होते, म्हणून ज्योतिष ऐकूनही त्याची बांधाबांध थांबली नाही.

वाट सोपी नव्हतीच. कामरूपाच्या राजाने बोलावले, हर्षवर्धनाने कनौजला आणि प्रयागला ठेवून घेतले, मग कुठे सुटका झाली. सिंधू ओलांडताना तो स्वतः हत्तीवरून गेला आणि पोथ्या नावेतून. मध्यावर वादळ उठले. पोथ्या सांभाळणारा माणूस पाण्यात पडला. तो वाचला, पण पन्नास पोथ्या आणि जमवलेले फुलांचे बी नदीत गेले. युआन श्वांग पलीकडे थांबून राहिला आणि उद्यान देशात माणसे पाठवून त्याने गेलेल्यांतल्या काही ग्रंथांच्या नकला करवून घेतल्या. पुढे खोतानहून त्याने सम्राटाला पत्र लिहिले, परवानगीवाचून गेलो होतो हे कबूल करून.

६४५ साली तो चांगआनला पोचला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. सम्राटाने गुन्हा तर मनात ठेवला नाहीच, उलट दरबारी पद देऊ केले. युआन श्वांगने ते नाकारले आणि तो भाषांतराला बसला. ज्योतिष्याने दिलेली दहा वर्षे उलटली, तरी तो लिहीतच होता. योगाचारभूमी त्याआधीच पुरी झाली होती. ६५४ मध्ये त्याने मगधातल्या एका भिक्षूला पत्र पाठवले. शीलभद्र गेल्याचे त्याला एका दूताकडून कळले होते, त्याचे दुःख त्यात आहे, आणि सोबत सिंधूत बुडालेल्या ग्रंथांची यादी आहे: जमेल तेव्हा यांच्या नकला पाठवा.

६६४ साली तो वारला तेव्हा चिनी भाषेत १३३५ गुंडाळ्या तयार झाल्या होत्या. त्यांतल्या दोनशे गुंडाळ्या महाविभाषा या एकाच ग्रंथाच्या आहेत. हे भाषांतर ६५६ ते ६५९ या काळात झाले. त्या ग्रंथाचे संस्कृत मूळ भारतात नाहीसे झाले. आज तो संपूर्ण वाचायचा, तर युआन श्वांगच्या चिनी भाषांतरातूनच वाचावा लागतो.