परवानगी आणि जबाबदारी

वरिष्ठानें परवानगी दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असें समजणारा मनुष्य आळशी किंवा अप्रामाणिकच असतो असें नाहीं. तो मोठा कर्तव्यदक्षही असूं शकतो. आणि प्रश्न अवघड होतो तो येथेंच.

१ डिसेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टनजवळ झालेला विमान-अपघात या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे. सोसाट्याच्या वाऱ्यामुळें तें बोइंग ७२७ विमान डलेस विमानतळाकडे वळविण्यांत आलें होतें. ढगांमुळें जमीन दिसत नव्हती. अशा वेळीं वैमानिकाचे डोळे निरुपयोगी ठरतात. किंबहुना आपलें शरीर सांगेल त्यावर विश्वास ठेवूं नये, हेंच त्याला प्रथम शिकवितात. त्याला आधार समोरच्या यंत्रांचा, नकाशाचा आणि जमिनीवर रडारपुढें बसलेल्या नियंत्रकाच्या आवाजाचा. हा आवाज म्हणजे त्याची उसनी दृष्टि!

धांवपट्टी सुमारें ४४ मैल दूर असतांना, उतरण्यासाठीं तिच्याकडे येण्यास मोकळीक आहे, अशा अर्थाचें ठराविक वाक्य नियंत्रकानें उच्चारलें. वैमानिकांनीं समजून घेतलें, कीं आतां १८०० फुटांपर्यंत खालीं येण्यास हरकत नाहीं. वाटेंत उंच जमीन असती तर त्यानें सांगितलेंच असतें. नियंत्रक समजला, कीं किती खालीं यावयाचें तें वैमानिक नकाशांत पाहतीलच. नकाशांत राउंड हिलपर्यंत ३४०० फुटांचा आकडा होता. तो विमानांत वाचलाही गेला. पण जिवंत माणसाच्या शब्दापुढें छापील आकडा फिका पडला. विमान माउंट वेदर डोंगरावर आदळून आंतील ९२ही जण मरण पावले.

चौकशी करणाऱ्या पांच सभासदांत एकमत झालें नाहीं. तिघांनीं वैमानिकांच्या निर्णयास दोष दिला. दोघांनीं नियंत्रकानें उंचीची मर्यादा सांगितली नाहीं, यावर बोट ठेवलें. आम्हांस तिघांचें म्हणणें पटतें, पण तें पटतांना मनाला स्वस्थता वाटत नाहीं. आधीं दुसऱ्याची सही आहे एवढ्यावरून न वाचतां आम्हीं किती कागदांवर सह्या केल्या असतील! आणि पुढें आमची सही व्हावयाची आहे, म्हणून तो पहिला गृहस्थही निर्धास्तच असावयाचा.

त्याच ठिकाणीं सहा आठवड्यांपूर्वीं दुसऱ्या एका कंपनीचें विमान अशाच गैरसमजानें खालीं आलें होतें व थोडक्यांत वांचलें होतें. कंपनीनें आपल्या वैमानिकांस सावध केलें. बाहेर तें कोणास कळलें नाहीं. पुढें १९७६ सालीं नांव गुप्त ठेवून स्वतःची चूक कळवितां यावी, अशी व्यवस्था नासाकडे सोंपविण्यांत आली. आतां विमान ठरलेल्या मार्गावर येईपर्यंत कोणती उंची सोडूं नये, हें नियंत्रक आंकड्यानें सांगतो, आणि वैमानिक तो आंकडा परत म्हणून दाखवितो.